बाजाराची खेप : पणदरे परिसरातील बेगमीचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील पणदरे हे गाव बारामती–नीरा रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या भिजपट्ट्यात आहे. गावाच्या दक्षिणेला नीरा नदी आणि उत्तरेला सुपे-मोरगावकडचा जिरायत मुलूख. पाऊस दोन्हीकडे अपुराच, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. फरक कालव्याच्या पाण्याचा. या टापूतल्या घरांनी धान्य आणि किराणा किती दिवसांनी विकत घ्यावा, याची रीत गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. पूर्वी शेतकऱ्याच्या घरचे धान्य वर्षाचे असे आणि बाजार तेलामिठापुरता. पुढे काही घरांची खरेदी आठवड्यावर आली, काहींची रोजावर, आणि पगारदारांची महिन्यावर. बाजाराच्या खेपा कमी करून चार पैसे राखणे हा घरच्या बाईचा गुण समजला जातो. पण या भागात ती काटकसर दोन गोष्टींवर अवलंबून राहिली : घरात धान्य किंवा पैसा किती दिवसांनी येतो, आणि आलेले राखायला जागा आहे की नाही.

खळ्यावरची वाटणी

कालव्याच्या आधी हा सारा भाग ज्वारी-बाजरीचा होता. बाजरी खरिपाची. ज्वारी रब्बीची, परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काढायची. कणसे खळ्यावर आली की तिवड्याभोवती बैलांची पात धरून मळणी होई, वावडीवर उभे राहून उफणणी होई, आणि रास पडे. वर्षाचा हिशेब या राशीपाशीच होत असे. आधी बलुते निघे, मग बियाणे, मग घरचे, आणि उरेल ते विक्रीला.

सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग यांना वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावरच पेंढ्यांच्या आणि धान्याच्या रूपात मिळे. त्यामुळे नांगराची दुरुस्ती, वहाण, मडकी, हजामत अशा गरजांसाठी शेतकऱ्याला वर्षभर रोकड मोजावी लागत नसे. बलुतेदाराच्या घरीही धान्य वर्षातून एकदाच येई, पण त्याचे माप शेतकऱ्याच्या हातात असे. पीक बुडाले की बलुते आटे. महार वतनात तर कामाला सीमा नव्हती आणि मोबदला तुटपुंजा होता. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

पेव, बळद, कणगी

वर्षाचे धान्य राखायचे तर किडीपासून, उंदरांपासून आणि ओलीपासून वाचवावे लागे. त्यासाठी साठवणीच्या तीन पातळ्या होत्या.

सगळ्यात मोठी म्हणजे पेव. कोरड्या, कठीण जमिनीत अरुंद तोंडाचा आणि आत रुंद होत जाणारा खड्डा खणत. तळाला आणि कडेने कडबा किंवा भुसा लावून ज्वारी ओतत आणि तोंड माती-दगडांनी बंद करीत. आतली हवा कोंडली जाऊन धान्याच्या श्वसनाने तिच्यातला प्राणवायू संपे आणि कीड जगत नसे. अशी ज्वारी काही वर्षे टिके. मात्र पेव फोडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेते, म्हणून आधी ते बराच वेळ उघडे ठेवत. एकदा फोडलेले पेव रिकामेच करावे लागे. त्यामुळे पेवाचा उपयोग दुष्काळाच्या तरतुदीला आणि मोठ्या विक्रीला होता, रोजच्या भाकरीला नव्हता.

दुसरी पातळी बळदाची. वाड्याच्या जाड भिंतीत किंवा माजघराच्या कडेला बांधलेली ही बंद कोठी असे. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. तिसरी कणगीची. बांबूच्या किंवा तुरीच्या काठ्या विणून केलेली ही उभी टोपली शेणमातीने लिंपलेली असे. ज्याच्याकडे वाडा नव्हता त्याच्याकडे कणगी असे, आणि ज्याच्याकडे कणगीही नव्हती त्याच्याकडे मडक्यांची उतरंड. धान्यात कडुलिंबाचा पाला घालत, कडधान्याला राख चोळत, डाळीला तेलाचा हात लावत. लिंपण दरवर्षी नव्याने होई. ही सारी कामे बायकांची होती.

साठवण नेहमी अख्ख्या दाण्याची असे, पिठाची नसे. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू होते आणि ज्वारीच्या शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून वर्षाचे धान्य कणगीत आणि लागेल तेवढे दळण पहाटे जात्यावर, अशी विभागणी होती. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. जाते सुटले, पण आठ-पंधरा दिवसांचे दळण एका वेळी करण्याची सवय राहिली.

उन्हाळ्याचे दोन महिने उरलेल्या बेगमीचे होते. डाळी भरडणे, शेवया, कुरडया, पापड, सांडगे घालणे, मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कुटणे ही कामे पेरणीपूर्वी उरकावी लागत. करडई घाण्यावर देऊन तेल आणि पेंड घरी येई. मग विकत घ्यायचे काय? मीठ, हळद, खोबरे, थोडे मसाले, कापड, लोखंड. मीठ कोकणातून घाटावर लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर येई. इतक्या थोड्या वस्तूंसाठी बाजाराची वाट महिन्यातून एखाद-दोनदा धरली तरी भागत असे.

वाण्याची वही

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा रोकड साऱ्याने दिला. इंग्रजी अमलात जमीनमहसुलाची नवी पाहणीपद्धत मुंबई इलाख्यात प्रथम लागू झाली ती शेजारच्याच इंदापूर तालुक्यात, १८३६ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हातून. दर तीस वर्षांसाठी ठरले आणि ते आधीपेक्षा सौम्य होते, पण सारा नाण्यांत भरायचा होता. त्यासाठी धान्य सुगीतच विकावे लागे आणि सुगीत भाव सगळ्यात पडलेला असे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की तेच धान्य चढ्या भावाने परत घ्यायचे. हातात रोकड नसेल तर उसने आणायचे. धान्याच्या उसनवारीचे दर ठरलेले होते. सवाईने घेतलेल्या चार पायल्यांच्या सुगीत पाच होत, दिढीने घेतलेल्यांच्या सहा. हे व्याज वर्षाचे नव्हते, पेरणीपासून सुगीपर्यंतच्या काही महिन्यांचे होते.

उसने देणारा बहुधा गावचा वाणीच असे. धान्य, मीठ, कापड तोच विके, कर्जही तोच देई, आणि सुगीत मालही तोच घेई. विक्रीचा भाव, व्याजाचा दर आणि खरेदीचा भाव एकाच वहीत, एकाच हाताने लिहिले जात. किराणा थोडा थोडा, लागेल तसा उधारीवर उचलला की दर खेपेला वहीत एक ओळ वाढे. ती ओळ वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाअखेरी एकूण आकडा तेवढा ऐकवला जाई.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानी कापसाला भाव आला आणि दख्खनमध्ये पैसा खेळला. पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ साली डिकसळपर्यंत पोचली होती, त्यामुळे व्यापारही वाढला होता. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून साऱ्याचे नवे, चढे दर लागू होऊ लागले. सावकारांनी हात आखडता घेतला. पेरणीच्या तोंडावर उसने मिळेना, तेव्हा संताप उसळला.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला. तो बुधवार होता, सुप्याचा बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतून बाजाराला आलेल्या लोकांनी वाण्या-सावकारांची घरे आणि दुकाने लुटली. मुख्य रोख होता कर्जरोखे आणि वह्यांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. माणसांवर हल्ले क्वचितच झाले. हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत पसरले. आजचा बारामती तालुका तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे म्हणून नोंदली गेली आहे.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. कर्जाच्या दाव्यात मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्यातल्या काही कलमांचा संबंध थेट वाण्याच्या वहीशी होता : भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि मागितल्यास स्वतःजवळ ठेवायचे खातेपुस्तक, यांवर शेतकऱ्याचा हक्क मान्य झाला. आजही गावच्या दुकानदाराकडे एक आणि गिऱ्हाइकाकडे एक अशी उधारीची जोडवही आढळते.

कालवा आणि ऊस

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले. भोरजवळचे भाटघरचे धरण १८९२ पर्यंत पुरे झाले आणि त्याच ठिकाणी अधिक उंच धरण १९२८ साली उभे राहिले. पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला नीराकाठ त्यामुळे भिजू लागला आणि कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव ही गावे बागायत पट्ट्यात आली.

बागायतीत नगदी पीक म्हणून उसाने जम बसवला. प्रथम गुऱ्हाळे चालत. बारामतीची गुळाची पेठ त्यांच्यावर वाढली. १९१४ साली दौंड–बारामती ही अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि मालाला वाट मिळाली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने वालचंदनगर वसवून साखर कारखाना चालवला. १९५० च्या दशकात माळेगाव येथे आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले, त्यापाठोपाठ सोमेश्वरनगरचा कारखाना झाला. पणदरे माळेगाव कारखान्याच्या कार्यक्षेत्रात येते. कारखान्याच्या निवडणुकीत पणदरे नावाचा गटच आहे.

उसाने घराच्या बेगमीचे गणित उलटे केले. ज्वारीचे शेत उसाखाली गेले आणि शेतकरी ज्वारीचा कायमचा गिऱ्हाईक झाला. पैसा पूर्वीपेक्षा बराच जास्त येऊ लागला, पण लांब अंतराने. जुलैच्या सुमारास लावलेला आडसाली ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. तोड झाल्यावरही रक्कम एकरकमी न येता पहिली उचल, पुढे कांडे बिल, मग दिवाळीचा हप्ता अशी तुकड्यांनी येण्याची प्रथा पडली. ऊस तुटण्याच्या आधीचे दिवस दुकानदाराच्या वहीवर निघत आणि बिल झाले की खाते चुकते होई. दिवाळीच्या हप्त्याला मात्र किराणा पोत्याने भरला जाई. कारखाने सभासदांना सवलतीच्या दराने साखर देऊ लागले, आणि निदान साखरेपुरती अशा घरांची बाजाराची खेप वाचली.

साठवणीची साधनेही बदलली. कालव्याच्या पाण्याने नीरा खोऱ्यातल्या सखल जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० साली या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे जमिनीतले पाणी वर येते तिथे पेव टिकत नाही. त्यात साठवायला ज्वारीची मोठी रासही उरली नव्हती. पेवे बुजली, बळदे मोडली आणि कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली. वर्षाचे धान्य ठेवणारी घरे आजही आहेत, मात्र त्यातले बरेच धान्य आता सुगीच्या दिवसांत जिरायत भागातून क्विंटलने विकत आणलेले असते. सुगीत घ्यायचे आणि पावसाळ्यात खायचे हे जुने तत्त्व त्यात टिकून आहे. भावातला फरक पूर्वी सावकाराकडे जाई, तो आता कोठीवाल्याच्या घरात राहतो.

आठवड्याचा बाजार आणि हातावरचे पोट

बागायतीबरोबर मजुरीही वाढली. सालगडी गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीवर राही आणि त्याच्या मोबदल्यात धान्य असे, म्हणून त्याच्या घरी थोडीफार बेगमी होई. रोजंदारीच्या मजुराचे तसे नव्हते. त्याचा हिशेब आठवड्याने, बाजाराच्या वारावर ठरे. मालक देई त्या पैशांना ‘बाजाराचे पैसे’ असेच म्हणत. मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडली की दुसऱ्या दिवशी तेल, मीठ, डाळ, भाजी, पोरांना खाऊ एवढ्यात संपे. आठवड्याची खरेदी आठवड्याच्या मजुरीने ठरवलेली होती.

ज्याला तेवढेही जमत नसे तो रोज संध्याकाळी दुकानात जाई. जुनी मापे अशा गिऱ्हाइकासाठी फार सोयीची होती. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, आणि त्याखालीही कोळवे, निळवे अशी उतरती मापे. १९५० च्या दशकाअखेरीस दशमान पद्धत आली, मापे गेली आणि दुकानात ग्रॅमचे वजन आले. पण पाच रुपयांचे तेल, दोन रुपयांचा चहा अशी खरेदी चालूच राहिली आणि नंतर तीच पुडी कंपन्यांच्या छोट्या पाकिटांत बंद होऊन आली. सुटे घेणाऱ्याला माल जवळजवळ नेहमीच महाग पडतो. पोते परवडण्याइतकी रक्कम एका वेळी त्याच्या हातात नसते, आणि असली तरी खोपटात पोते ठेवायला जागा नसते.

ऊसतोड मजुरांमध्ये हे सर्वांत ठळक दिसते. बीड, नगरकडून दिवाळीच्या सुमारास आलेली ही कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. बरोबर बाजरी-ज्वारीची पोती असतात, म्हणजे भाकरीची बेगमी गावाहून येते. बाकीच्या वस्तूंसाठी बाजाराच्या वाराला मुकादम ‘खर्ची’ देतो आणि ती हिशेबातून वळती होते. त्याशिवाय उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून मिळतात ते रोजचे सुटे पैसे. एकाच कुटुंबाच्या खरेदीत मोसमाची पोती, आठवड्याची खर्ची आणि रोजचे वाढे अशी तीन अंतरे एकत्र नांदतात.

दुष्काळ आणि रेशन

धान्य महिन्याच्या मापाने मिळण्याची सवय ग्रामीण भागाला सरकारी वाटपाने लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात जिरायत महाराष्ट्राच्या कणग्या रिकाम्या झाल्या. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे गेली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी त्या पिढीच्या आठवणीत राहिली. बारामती तालुक्यात बागायत आणि जिरायत यांच्यातला फरक त्या वर्षी उघड दिसला : कालव्याखाली काम होते, सुप्याकडे दुष्काळी कामे होती.

रेशनचे धान्य महिन्यातून एकदा, कार्डावर, ठरल्या वजनाने मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ज्या घरांना पोते विकत घेणे कधीच साधले नव्हते त्यांच्या घरात यामुळे महिन्याचे धान्य एकदम येऊ लागले. ते मुख्यतः गहू-तांदूळ असल्याने भाकरीच्या घरात चपाती आणि भात वाढला.

महिन्याची यादी

महिन्याचा किराणा भरण्याची रीत पगाराबरोबर आली. साखर कारखान्यांचे कामगार, शिक्षक, पुढे बारामती आणि पणदरे परिसरातल्या औद्योगिक वसाहतींतले कामगार यांना पैसा महिन्याने मिळू लागला, तशी यादीही महिन्याची झाली. मोठ्या शहरांत हीच रीत संघटितही झाली. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीतून ‘अपना बाजार’ हे सहकारी ग्राहक भांडार निघाले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल घाऊक भावाने आणून वाटण्याची पद्धत रुजवली. महिन्यातून एकदाच मागणी आणि एकदाच वाटप असल्याने दुकान, मांडणी आणि उधारी या तिन्हींचा खर्च त्यात टळला. बारामतीच्या गावांत अशी एकत्र खरेदी फारशी वाढली नाही. तिथे मोटारसायकल आणि बारामतीची मोठी दुकाने यांनी ते काम केले.

२०२० च्या कोरोना टाळेबंदीत आठवडे बाजार बंद झाले. बारामती शहरात एप्रिलमध्ये कडक संचारबंदीचा ‘भिलवाडा पॅटर्न’ लागू होऊन जीवनावश्यक वस्तू घरपोच देण्याची व्यवस्था करावी लागली. ज्यांच्या कोठीत ज्वारी-गहू होते त्यांना भाजीची अडचण पडली. ज्यांची खरेदी रोजची होती त्यांना भाकरीची.

आज या परिसरात खरेदीची सर्व अंतरे एकाच वेळी चालू आहेत. धान्य वर्षाचे किंवा रेशनचे महिन्याचे, किराणा महिन्याचा, भाजी आठवडे बाजाराची, दूध रोजचे. उन्हाळ्यात चटणी आणि पापड-कुरडया बऱ्याच घरांत अजून होतात, आणि ज्या घरांत होत नाहीत ती घरे या वस्तू बचत गटांकडून विकत घेतात. शेतमजूर आणि ऊसतोड कामगार यांची खरेदी अजून आठवड्याच्या मजुरीवर, खर्चीवर आणि रोजच्या वाढ्यांच्या पैशांवरच चालते.